रहाटावरचा माणूस

वाडीत ऊन उशिरा पोहोचत असे. आधी ते किहीमच्या माडांच्या शेंड्यांवर रेंगाळे, मग पोफळींच्या सडपातळ खोडांवरून, कोणाला जाग येऊ नये अशा बेताने, खाली उतरे. अळूच्या पानांवर क्षणभर टेके आणि शेवटी रहाटाच्या मडक्यांवर येई. विहिरीतून भरून वर येणारे प्रत्येक मडके तो उजेड घोटभर घेई आणि पाण्याबरोबर पाटात ओतून देई. डोळ्यांवर झापड बांधलेला रेडा गोल फिरत राही, आणि त्याच्यामागच्या आडव्या लाकडावर बसून बाबाजी गेली सात वर्षे हे सारे पाहत आला होता.

लढाईत उजव्या गुडघ्यात गोळी शिरली, तेव्हा पलटण सुटली आणि पेन्शन मिळाले. वाडीचे मालक दत्तात्रेयपंत यांनी त्याला रहाटावर ठेवले ते अर्ध्या रोजावर. उरलेला अर्धा सरकार देतेच की, असे ते हसून म्हणाले होते. बाबाजीही हसला होता. आपल्या आवाजावाचून हा रेडा पाऊल उचलत नाही, असे तो ज्याला त्याला सांगे. नारळ पाडणारा कोंडाजी त्याला सुभेदार म्हणून चिडवी आणि म्हणे, रेडा तुझ्याहून शहाणा आहे. बाबाजी ते मनावर घेत नसे.

पण या महिन्यापासून पेन्शन बंद झाले. पुण्याच्या लष्करी डॉक्टराने पाय सुधारल्याचा शेरा मारला. डॉक्टराने फसवले, असे बाबाजीने बायकोला, राहीला, सांगितले. तपासणीच्या खोलीत डॉक्टराने "जवान" अशी हाक मारताच आपली पाठ ताठ झाली, काठी भिंतीला टेकवून, दात आवळून आपण परेडवर चालावे तसे चाललो, आणि त्या तरुण माणसाने "शाबास" म्हटले, हे मात्र त्याने सांगितले नाही. तो शब्द इतक्या वर्षांत त्याच्या वाट्याला आला नव्हता.

आज त्याने रेडा थांबवला, उतरला आणि पंतांपुढे उभा राहिला.

"पंत, आता पुरा रोज द्या. सरकारच म्हनतं, पाय बरा हाय."

पंत अडकित्त्याने सुपारी कातरत होते. "बऱ्या पायाचा माणूस रहाटावर कशाला बसेल, बाबाजी? ती नारळांची टोपली बाहेरच्या गाडीपर्यंत ने. पुरा रोज आजपासून."

राही बायकांबरोबर सुपारी सोलत होती. ती उठून जवळ आली, हलक्या आवाजात म्हणाली, "अवं, म्हना की न्हाय बरा. अर्धा तरी ऱ्हाईल."

"गप ऱ्हा. माझा पाय बरा हाय."

माडावरून कोंडाजी ओरडला, "सुभेदार निघाले लढाईला!"

टोपली डोक्यावर घेऊन बाबाजी निघाला. काठी मागेच राहिली होती. पुण्यात चालला होता तसाच तो चालला. बायकांचे हात थांबले. पाट ओलांडताना मात्र गुडघ्याने दगा दिला. नारळ गडगडत चिखलात गेले आणि तो पाटातच बसला. कोंडाजी हसला नाही. राहीने आधी नारळ गोळा केले, मग काठी आणली.

पाटात पाणी फारसे नव्हते, रहाट थांबल्यामुळे ओसरले होते. बाबाजी मान खाली घालून तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने त्याच्या मांडीला गार स्पर्श झाला. पाणी येत होते. आधी बोटभर, मग भरभरून.

त्याने वळून पाहिले नाही. रहाटाची कुरकुर त्याला ओळखीची होती. पंतांचा अडकित्ता थांबला होता, आणि त्यांची नजर त्याच्या डोक्यावरून विहिरीकडे गेली होती.

रेडा एकटाच फिरत होता.