आठव्या ओळीवरचं नाव

मी बोलतोय. एरवी माणसं माझ्यावर लिहितात आणि मी गप्प असतो. आज मला सांगायचंय, म्हणून बोलतोय.

मी एक पांढरा बोर्ड आहे. चार फूट रुंद, तीन फूट उंच, भोवती अॅल्युमिनियमची पट्टी आणि खाली पेनं ठेवायला एक चिंचोळा कप्पा. मस्कतजवळ वादी अदाईत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये मी नऊ वर्षं भिंतीवर आहे.

माझी पहिली नोकरी मस्कतच्या रुवी भागातल्या एका शिकवणीत झाली. तो वर्ग बंद पडला तेव्हा या फ्लॅटमधल्या सर्वांत जुन्या बाबामियाँनी मला पिकअपमध्ये आडवा घालून इकडे आणलं. मी कोरा नव्हतो. तिरक्या उन्हात बघितलं तर सहावीचे अपूर्णांक माझ्यावर अजून दिसतात. माझ्यावरचं पुसलं जातं, पण पूर्ण जात नाही. ही माझ्या जातीची खोड आहे. ती लक्षात ठेवा.

फ्लॅटमध्ये अकरा जण राहत. सगळे कोकणातले. कुणी दाभोळचे, कुणी गुहागरकडचे, कुणी रायगडचे. अकरा म्हणजे एक टीम. ऑक्टोबर ते मार्च, दर शुक्रवारी सकाळी, डोंगरामागच्या मातीच्या मैदानावर टेनिस बॉलची लीग चाले. खेळून आले की धुळीच्या पायांनी सगळे माझ्यासमोर बसत. मग बाबामियाँ माझ्यावर आठवड्याचं कोडं लिहीत.

'चेंडू मोजला गेला नाही, तरी माणूस बाद. गोलंदाजाच्या नावावर बळीही नाही. कसं?'

चहा होईपर्यंत भांडणं चालत. शेवटी कुणीतरी ओरडे, "नो-बॉलवर रनआउट!" आणि बाबामियाँ मान डोलवत.

सीझनच्या पहिल्या शुक्रवारी भाकितं लिहायची, असाही एक रिवाज होता. प्रत्येकाने एक ओळ. 'ओवेस यंदा पार्टनरला तीनदा धावबाद करणार.' 'बाबामियाँ एकदा तरी कॅच पकडणार.' ओवेस हा मोबाइलच्या दुकानात काम करणारा तिशीचा पोरगा. सर्वांत जास्त दंगा त्याचा.

दयानंदचं भाकीत मात्र दर वर्षी एकच असे. 'हा माझा शेवटचा सीझन.' वाचून सगळे हसत. दयानंद एसीचा मेकॅनिक, वय अठ्ठेचाळीस, ओमानमध्ये एकोणीस वर्षं. हसण्यात तोही सामील व्हायचा.

गावी मुलगी विशाखाबरोबर राहणारी त्याची बायको प्रेमा फोनवर हसत नसे. तो फोन स्पीकरवर टाकून माझ्याखाली बसे, म्हणून मी ऐकलंय.

"अहो, तुमचा शेवटचा सीझन कितवा हा?"

"सातवा असेल."

"विशाखा जूनमध्ये पुण्याला जाईल नोकरीला. मग घरात मी आणि भिंती. आत्ता नाही आलात तर पुढे कशाला यायचं, तेवढं सांगा."

तो म्हणे, "येतो. हा सीझन होऊ दे."

गेल्या ऑक्टोबरमध्ये एक चूक झाली. बॅटिंगचा क्रम लिहिताना बाबामियाँना कप्प्यात पेन सापडलं नाही. त्यांनी दयानंदच्या खिशातलं घेतलं. ते एसीच्या डक्टवर खुणा करायचं पक्क्या शाईचं पेन होतं. एकाखाली एक अकरा नावं त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिली. दोन नंबरवर स्वतःचं. वय एकोणसाठ, तरी ओपनर, कारण यादी तेच करत. आठवर दयानंद. अकरावर ओवेस.

पुसायला गेले तर पुसेना.

"चाचा, खलास! आता जन्मभर मी अकरा नंबर?" ओवेस म्हणाला.

"राहू दे," बाबामियाँ म्हणाले. "टीम आहे, पुसायची कशाला?" आणि बोर्डाचं पेन शोधून त्यांनी शेजारी सीझनचं मोठं कोडं लिहिलं. 'दहा चेंडू, दहा बळी, सगळे त्रिफळाचीत. नाबाद राहिला तो कितवा?'

कुणी म्हणालं अकरा, कुणी म्हणालं दोन. बाबामियाँ म्हणाले, "विचार करा. उत्तर सीझन संपताना."

नोव्हेंबरमध्ये एक नंबर गेला. त्याला दूर सहम गावी शेतीपंपांच्या दुकानात काम मिळालं. ओवेसने स्कोअरबुकात मारतात तशी त्याच्या नावावरून बोर्डाच्या पेनाने जाड रेघ मारली. पुढच्या शुक्रवारी रेघ पुसली, तर तिच्याबरोबर नावही गेलं.

तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. डिसेंबरमध्ये तीन नंबरचा व्हिसा संपला. चार नंबरचा पाय मोडला, तो गावी गेला. दोघांच्या नावांवर रेघा आल्या, दोन्ही नावं पुसली गेली. राहिलेल्यांची नावं मात्र फडकं दाबून घासलं तरी तशीच काळी. त्या गेलेल्यांना मी इथे नंबरानेच सांगतोय. त्यांची नावं आता माझ्यावर नाहीत.

जानेवारीत पाच नंबर दुपारी जेवून झोपला आणि उठला नाही. त्याला चहासाठी हाक मारायला ओवेस गेला होता. माणसं आली, कागद झाले, त्याला गावी पाठवलं. चार दिवसांनी ओवेसने रेघ मारली. ती रेघ वाकडी आली.

तो मागे सरकला. माझ्याकडे बघत राहिला.

"एक, तीन, चार, पाच," तो म्हणाला. "चाचा, हे लायनीत चाललेत. मग दोन का सुटला?"

कुणीतरी म्हणालं, "गप रे."

बाबामियाँ खजूर खात होते. त्यांनी बी थाळीत टाकली. "दोन नंबर पलीकडच्या टोकाला उभा आहे, पोरा. ओव्हर संपू दे."

हसायला म्हणून ते बोलले. पण कुणी हसलं नाही, आणि मग त्यांचंही हसू राहून गेलं.

ओवेसने त्या दुपारी थाळीतल्या अकरा बिया वर्तमानपत्रावर मांडल्या. एकेक उचलत गेला. पहिल्या ओव्हरचे सहा चेंडू. एक बाद, मग तीन, चार, पाच, सहा, सात. आठ नंबर आत येतो तोच ओव्हर संपते. टोक बदलतं. आता चेंडू दोन नंबरला. तो जातो, मग नऊ, दहा, अकरा. कागदावर एक बी उरली.

"आठ," ओवेस म्हणाला. "एकही चेंडू न खेळता."

सगळ्यांनी दयानंदकडे पाहिलं. दयानंदने माझ्याकडे पाहिलं. मग तो उठला, भांड्यांचा साबण आणि घासणी घेऊन आला आणि आठवी ओळ घासू लागला. माझा पृष्ठभाग ओरखडला. नाव निघालं नाही.

मार्चमध्ये सहा आणि सात, दोघे भाऊ, एकाच दिवशी जवळच बौशरला कंपनीच्या खोलीत राहायला गेले. ओव्हर पूर्ण झाली.

एप्रिलमध्ये बाबामियाँनी कायमचं दाभोळला परतायला ट्रंक बांधली. निघायच्या सकाळी ते माझ्यासमोर दयानंदशेजारी उभे राहिले.

"लोकांना वाटतं नाबाद राहिला तो नशीबवान," ते म्हणाले. "त्याला विचारावं कुणी. उभ्या उभ्या दहा जणांच्या पाठी बघतो तो."

"चाचा, तुम्हीच लिहिलीत ही यादी."

"बॅटिंगची लिहिली होती रे मी." त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "पुढचं मला नाही कळत. अल्लाची शपथ."

जूनच्या पहिल्या आठवड्यात नऊ नंबर गेला. त्याच दुपारी दाभोळहून बाबामियाँचा फोन आला. "नऊ गेला ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" ओवेसने विचारलं.

"कुणी नाही. हल्ली आपोआप मोजलं जातं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात दहा नंबर गेला.

आता हॉलमध्ये अकरा खिळे होते आणि दोन टॉवेल. बाहेर डोंगर तापून काळे दिसत. चारच्या सुमाराला ऊन खिडकीतून तिरकं माझ्यावर येई, आणि त्या उन्हात पुसलेली सगळी नावं फिकट वर येत. गेलेल्या नऊ जणांची, बाबामियाँच्या वळणात. दयानंद त्या वेळी पडदा ओढून घेई. पडद्याआडही ती असतात, हे त्याला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

एका शुक्रवारी ओवेस ओशाळत म्हणाला, "दयाकाका, अदीबाचा व्हिसा झाला. लग्नानंतर अजून एकत्र राहिलोच नाही आम्ही. बौशरला फ्लॅट बघितलाय. एक तारखेला जातो."

अकरा नंबर. शेवटचा चेंडू.

दयानंद म्हणाला, "छान झालं." मग तो खाली बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"विशाखाला गाडीत बसवून आले," प्रेमा म्हणाली. "दोन ताटं घेतली होती जेवायला. एक परत ठेवलं. एवढंच सांगायला केला फोन."

तिने कधी नव्हे ते विचारलं नाही, कधी येताय म्हणून.

दयानंदने फोन ठेवला नाही. तो तसाच हातात धरून उठला. कप्प्यातलं बोर्डाचं काळं पेन घेतलं आणि आठव्या ओळीवरून, स्वतःच्या नावावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड रेघ मारली.

"काका!" ओवेस ओरडला. "असं नाही चालत. आठ नंबर नाबाद राहतो!"

"रिटायर होता येतं की रे. अंपायरला सांगून."

"अंपायर कोण इथे?"

दयानंदने फोन वर धरला. "प्रेमा, मी येतोय. उद्या कंपनीत राजीनामा देतो."

"पुढचा सीझन?" तिने विचारलं.

"मी नाही त्यात."

मग त्याने फडकं घेतलं. माझ्यावर ठेवलं, पण लगेच ओढलं नाही. त्याचा श्वास माझ्यावर लागत होता. मला माहीत होतं. बोर्डाच्या पेनाची ओली शाई खालची पक्की शाई सैल करते. पाण्याने आणि साबणाने जे होत नाही ते तिने होतं. आधी गेलेल्यांची नावं अशीच निघाली होती, त्यात माझी करणी नव्हती. पण बोर्डाला कोण विचारतो?

त्याने फडकं ओढलं. नाव निघालं.

ओवेस पुढे झाला. मग त्याने दयानंदच्या हातातून पेन हिसकलं. "मी एकटा नाबाद? या खोलीत? अजिबात नाही. यल्ला, चला!" आणि त्याने अकराव्या ओळीवरही रेघ मारून ती पुसून टाकली.

महिन्याभरात फ्लॅट रिकामा झाला. जाताना दयानंदने मला या कडेपासून त्या कडेपर्यंत स्वच्छ पुसलं आणि पेन माझ्या कप्प्यात ठेवलं.

शाईचं मी सांगितलं. क्रमाचं मला सांगता येत नाही. तो कुणी लावला, मला माहीत नाही. बाबामियाँनाही माहीत नव्हतं.

सप्टेंबरमध्ये नवी माणसं आली. मोजली, अकरा आहेत. तीही खेळतात. काल त्यांच्यातल्या एकाने टीम लिहायला पेन शोधलं. कप्प्यातलं त्याला दिसलं नाही. त्याने दुसऱ्याच्या खिशातलं घेतलं.

वाचणाऱ्या माणसा, तुझं वादी अदाईत येणं झालं तर माझं एक काम कर. हॉलमध्ये येऊन आठव्या ओळीवरचं नाव वाच. ते नवं आहे, खाली जुनं फिकट दिसेल. त्या माणसाला शोध आणि सांग, की वाट बघत उभं राहू नकोस. पेन खाली कप्प्यात आहे. अजून सुकलेलं नाही.