एका मापाच्या तिसऱ्या

ओहोटी लागली तशा सान तोमे गावच्या साऱ्या बाया खुरपी-बादल्या टाकून एवारिस्तोबाबाभोवती गोळा झाल्या. स्पेनमधल्या गालिसियाच्या या खाडीत दोन वर्षं तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्यांखेरीज हाताला काही लागत नव्हतं. बाबानं वाळूत रोझमेरीच्या काड्या रोवून चौकोन आखला, बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि डोळे मिटले.

"खाडीला दृष्ट लागली होती, पोरींनो! एका जळकुट्या बाईची. ती मी उतरवली. खणा!"

पोरींमधली सर्वांत धाकटी पन्नाशीची होती. ओब्दुलियानं खुरपं ओढलं, तर जिवंत तिसऱ्या खळाखळा वर आल्या. बायांनी छातीवर क्रूस काढला.

"वहिनी, बघ गं!" ओब्दुलिया रडत आपल्या भावजयीला, दोसिंदाला, म्हणाली. "आता संध्याकाळच्या सभेत खाडी वर्षभर बंद करायचा ठराव कशाला? बाबाकडून एकेक बाटली विकत घेऊ नि उद्यापासून खणू."

चाळीस वर्षं वाकून खणून दोसिंदाची कंबर नि खांदे कामातून गेले होते. खाडी वर्षभर बंद राहिली तर हॉटेलातल्या फरशा पुसायला जावं लागणार. खोटं कशाला बोला, चमत्कार तिलाही हवाच होता. तिनं मूठभर तिसऱ्या उचलल्या, मग आणखी मूठभर.

"ओब्दुलिया, यांत पिल्लं कुठायत गं?"

"म्हणजे?"

"वाळूत आयांबरोबर नखाएवढी पोरंही असतात. या सगळ्या एका मापाच्या. बाजारातल्या चाळणीतून आल्यासारख्या."

"देवाच्या देण्याला माप लावू नये!" बाबा गरजला.

"मी कुठं लावलं? ज्यानं पुरल्या त्यानं लावलंय."

ओब्दुलिया तरातरा गेली आणि तिनं काठावर उभ्या बाबाच्या गाडीचं दार उघडलं. आत चार ओल्या जाळीच्या पिशव्या होत्या, बाजाराच्या चिठ्ठ्यांसकट. बाबानं बाटल्या गोळा केल्या आणि काढता पाय घेतला.

"मग आपल्या तिसऱ्या कुणी मारल्या?" ओब्दुलियानं विचारलं.

"अवेळी पाऊस कोसळतो, वरच्या धरणाची दारं उघडतात, खाडीत आठवडाभर गोडं पाणी साचतं, त्यात त्या जगत नाहीत. समुद्र तापलाय. गावाचं सांडपाणी आहेच. यातलं काय बाटलीनं उतरणार होतं?"

दोसिंदानं चौकोनाबाहेर खणलं. रिकाम्या शिंपल्यांत नखाएवढी तीन पिल्लं निघाली, जिवंत. तिनं ती परत पुरली.

"अगं, पण वर्षभर खायचं काय?"

"ते मला ठाऊक नाही. पण ही आज खणली, तर पुढच्या वर्षीही हेच विचारशील. बाबाला विचारू नका, बायांनो. वाळूला विचारा, ती खोटं बोलत नाही."

संध्याकाळी ठरावाला पहिला हात दोसिंदानं वर केला. तो तिला फार वेळ वर धरवेना, म्हणून शेजारून ओब्दुलियानं एका हातानं तिचं कोपर धरलं आणि आपला दुसरा हात वर केला.