हिरवी वायर

माझं मशीन बंद पडलं की घरात सगळ्यांना एकच रोग सापडायचा. चीनचा माल. नवरा म्हणायचा, दीर म्हणायचा, समोरचा गिरणीवाला दगडोबा तर दळण घ्यायला गेलं की पिठाच्या पाटीबरोबर हेही पदरात टाकायचा. चीनचा माल म्हटलं की पुढं डोकं चालवायची गरजच राहत नाही.

मशीन म्हणजे टेबलावर मावणारं सीएनसी. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, वायर जोडायची, की त्यातला बारीक बिट गरगर फिरत तीच नक्षी लाकडात कोरत जातो. ऑनलाइन मागवलं होतं. थर्माकोलच्या खोक्यात सुटे भाग आले, आणि सोबत असं माहितीपत्रक की लिहिणाऱ्यालासुद्धा ते समजलं नसावं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. लग्न होऊन तामलवाडीत आल्यापासून त्या डिप्लोम्याचा उपयोग टीव्हीच्या रिमोटपलीकडं झाला नव्हता. त्यामुळं एकेक स्क्रू बसवताना मला जो आनंद होत होता, तो मी कुणाला दिसू दिला नाही. सून फार खुशीत दिसली की घरातल्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

रुखवतातल्या नावाच्या पाट्या, दारावरच्या पाट्या, असं किरकोळ काम मिळू लागलं. मग तुळजापूरच्या एका दुकानदारानं, विरुपाक्षनं, देवीच्या फोटोभोवतीच्या लाकडी कमानी मागितल्या. नवरात्राच्या आधी द्या, माल चांगला निघाला तर वर्षभर घेतो, म्हणाला. त्या दिवशी योगीराजनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, जेवता जेवता निकाल दिला. हे काम वेळेत झालं तर मशीन राहील. नाही झालं तर विकून टाकायचं आणि ती खोली कृष्णराजला वायरच्या बंडलांसाठी द्यायची. कृष्णराज माझा धाकटा दीर, वायरमन. त्याची त्या खोलीवर पहिल्यापासून नजर होती. मान खाली घालून तो भाकरी चुरत राहिला, पण खुश झालेला मला दिसला.

आणि मशीन थांबायचं. कमान अर्ध्यावर आली की अचानक सगळं ठप्प. बिट मात्र जागच्या जागी फिरत राहायचा आणि लाकडाला काळा डाग पडायचा. तो तुकडा मग चुलीत.

मी काय केलं नाही? बेकलाइटची फ्रेम लवत होती, ती काढून सोलापूरहून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणून बसवल्या. कोरणारी मोटर बदलली. टोकाच्या स्विचांकडून खोटे इशारे जात असतील म्हणून तिथं कपॅसिटर जोडले. साध्या वायरी काढून जाळीच्या वेष्टणातल्या घातल्या. दुसरा लॅपटॉप मागून आणला. प्रत्येक बदलानं काम आधीपेक्षा सुबक व्हायला लागलं, रेघ अगदी केसासारखी उतरायची, आणि थांबायचं तेवढं राहिलंच. रोज ताज्या लाकडाचा जाळ बघून आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, काही बोलायच्या नाहीत. त्यांचं न बोलणं मला जास्त लागायचं.

एका दुपारी मी मशीनशेजारी नुसती बसून होते. भिंतीपलीकडं स्वयंपाकघरातला फ्रीज गुरगुरला आणि त्याच क्षणी मशीन थांबलं. मी उठले, फ्रीजचा खटका बंद केला, मशीन पुन्हा लावलं, काही वेळानं फ्रीज चालू केला. पुन्हा तेच. इतके दिवस मी मशीनचं पोट फाडत होते आणि दुखणं भिंतीपलीकडं होतं.

आता आमच्या फ्रीजबद्दल सांगायला हवं. आत्या, कस्तुराबाई त्यांचं नाव, चपलेच्या बाबतीत कडक. पाहुण्याची चप्पल उंबऱ्याच्या आत दिसली तर काठीनं बाहेर ढकलतात. पण त्यांच्याच स्वयंपाकघरात फ्रीजपुढं रबरी चपलांचा एक जोड कायम ठेवलेला. पाय त्यात घालायचे आणि मगच फ्रीज उघडायचा. नाहीतर हाताला मुंग्या येतात, पावसाळ्यात तर झटकाच बसतो. माझ्या मुलीला, सृष्टीला, नीट बोलता येत नव्हतं तेव्हापासून हे येतं. घरात कुणी कधी याची चर्चा केली नाही. फ्रीज म्हटला की असाच असतो, असं मीही धरून चालले. डिप्लोमावाली मी.

मीटर काढला आणि एक तार फ्रीजच्या पत्र्याला, दुसरी मोरीतल्या ओल्या जमिनीला लावली. आकडा शंभर व्होल्टच्या वर गेला. मग सॉकेट उघडला. आत हिरवी वायर होती, अर्थिंगची, अगदी नीट बसवलेली. ती धरत धरत मी मुख्य बोर्डापर्यंत गेले. तिथं घरभरच्या सगळ्या हिरव्या वायरी एकत्र पिळून, त्यावर चिकटपट्टी गुंडाळून मागं कोंबून ठेवल्या होत्या. पुढं काही नाही. जमिनीत जाणारी तार नाही, घरामागं अर्थिंगचा खड्डा नाही. हिरवा रंग तेवढा दाखवायला. फ्रीजमधून गळलेला करंट, तो सुरू होतानाचा झटका, सगळं त्या वायरींतून फिरत माझ्या मशीनपर्यंत येत होतं, कारण त्याला जायला वाटच ठेवलेली नव्हती.

घराचं वायरिंग कृष्णराजनं केलेलं. आयटीआयमधून बाहेर पडल्यावरचं पहिलंच काम. त्यानंतर गावातल्या निम्म्या घरांत त्याच्याच हातचं वायरिंग झालं.

रात्रीच्या जेवणाला मी सगळ्यांसमोर ते सांगितलं. शांतपणे सांगितलं असं मला वाटत होतं, पण आवाजात जिंकल्याचा सूर आला असणार. कृष्णराज हसला. सगळीकडं असंच असतं म्हणाला, चीनच्या मशीनवरून आता घर खोदायचं का म्हणाला, आणि भरल्या ताटावरून उठला. योगीराज एवढंच म्हणाले, की वायरिंग कृष्णानं केलंय. जणू मला ते माहीतच नव्हतं, किंवा एवढं सांगितलं की करंट लागायचा थांबतो. फ्रीजला कसा करंट येतो ते एकानंही विचारलं नाही. कृष्णा उपाशी उठला, याच्यावर मात्र सगळं घर दोन दिवस धुमसत होतं. मी खोलीत जाऊन रागानं रडले. खोटं का बोलू, चुलीतल्या कमानींसाठी नाही, त्या एका ताटासाठी रडले. माझ्यासाठी या घरात कुणी ताटावर वाट बघितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या मशीनच्या खोलीत आल्या. त्या कधी येत नसत. स्टुलावर बसल्या, कोरलेल्या एका तुकड्यावरून बोट फिरवलं.

“मला पयल्यापास्नं ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “खड्डा खणायला गडी आला हुता. कृष्णानं त्याला माघारी लावला. म्या दारातच हुते.”

मी विचारलं, “मग बोलला का नाहीत, आत्या? इतकी वर्षं झटके खाल्ले तुम्ही.”

“पोराचं पयलंच काम हुतं. आईनंच नाव ठिवलं असतं तर गावात दुसऱ्या कुणी उभा केला असता का त्याला?” त्यांनी तुकडा खाली ठेवला. “मुंग्यानं काय मरत न्हाय मानूस. आता तू शानी हायेस. मशीन चीनचं हाय, त्याला येगळं अर्थिंग लागतंय, असं म्हन त्याला. त्यो खणंल. तुजंबी काम हुईल.”

एवढं बोलून त्या गेल्या. मी मशीनकडं बघत बसले. खरं बोलायचं तर मला त्यांचा संताप यायला हवा होता, आणि आला तो मशीनचा. त्याच्यामुळं मला हे सगळं कळलं होतं.

नवरात्र जवळ आलं होतं. संध्याकाळी मी कृष्णराजला चहा नेऊन दिला आणि म्हणाले, “भावजी, कंपनीनं कळवलंय, या मशीनला वेगळं अर्थिंग लागतं. मला काय ते जमायचं नाही. तुम्हीच बघा.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आम्हां दोघांनाही सगळं कळत होतं. “चीनच्या मालाचं हेच असतंय, वैनी,” तो म्हणाला आणि चहा प्यायला.

घरामागं त्यानं छातीइतका खड्डा घेतला. तांब्याची पट्टी उभी केली, कोळसा आणि खडं मीठ थराथरानं भरलं, पाणी ओतलं, नारळ फोडला. शेजारीपाजारी बघायला जमले. तार त्यानं मशीनपर्यंत आणली, आणि मी सांगितलं नसताना, कुणाचं लक्ष नसताना, मुख्य बोर्ड उघडून त्या पिळलेल्या हिरव्या वायरीही तिला जोडून टाकल्या. ते मला नंतर बोर्ड उघडून बघितल्यावर दिसलं. म्हणजे त्यालाही ठाऊक होतंच.

मशीन परत कधी मध्येच थांबलं नाही. फ्रीज कितीही गुरगुरू दे, बिट आपला निवांत रेघ ओढत राहतो. विरुपाक्षच्या कमानी वेळेत गेल्या, त्यानं आणखी मागितल्या, खोली माझ्याकडंच राहिली. गावात झालं ते असं, की वहिनीचं चीनचं मशीन कृष्णानं वठणीवर आणलं. दगडोबानं ते मलाच ऐकवलं, गिरणीच्या आवाजावर ओरडून. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, कपॅसिटर, बदललेली मोटर, रोज जाळलेलं लाकूड, यातलं काही कुणाच्या खिजगणतीत नाही.

दिवाळीनंतर कृष्णराजनं सागवानाची फळी आणून दिली आणि दारावर लावायला पाटी मागितली. कृष्णराज इलेक्ट्रिकल्स, खाली फोन नंबर, बाजूला बल्ब. मी कोरली. या मशीनवर आजवर झालेलं सगळ्यात सुंदर काम आहे ते, कुठं एक चरा नाही.

पाटी लागली त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतली हर्षाली आली. तिच्या नव्या घराचं प्लास्टर व्हायचं होतं. पाटीवरून बोट फिरवत ती म्हणाली, छान झालीय. मग आवाज खाली करून तिनं विचारलं, “काकी, वायरिंगचं काम यांनाच द्यावं म्हणतोय. करतात ना नीट? तुमच्याच घरातलं हाय म्हणून विचारते.”

आत्या ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला, पण त्यांनी वर पाहिलं नाही.

“करतात की,” मी म्हणाले. “बिनघोर द्या.”

हर्षाली आभार मानून गेली. आत्यांनी सूप बाजूला सारलं, जरा सरकून ओट्यावर माझ्यापुरती जागा केली आणि बस म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला शेजारी बसायला पहिल्यांदाच सांगितलं होतं. मी बसले.