सोबत आलेली

बाकावर धोंडू आणि त्याची बहीण सगुणा बसलेली दिसली, तसे डॉक्टर देऊळकर व्हरांड्यातूनच मागे वळले. "मी चहा घेऊन येतो," असं त्यांनी नर्स विमलाताईंना सांगितलं. ही दोघं आली की ते असंच काहीतरी करत. कधी चहा, कधी वॉर्ड, कधी नुसतंच गच्चीवर. मग त्यांच्या हाताखालची डॉक्टर मुलगी, पै, धोंडूला तपासायची, थेंब लिहून द्यायची आणि पुढच्या महिन्यात बोलवायची.

"पै मॅडम आज रजेवर आहेत सर," विमलाताई म्हणाल्या. "चहा इथेच मागवते."

धोंडू कापड गिरणीत मागावर साचेवाला होता. संपात गिरणी गेली, मग तो विक्रोळीला एका गोदामावर रखवालदार झाला. ट्रकांचे नंबर वाचता येईनात म्हणून घाटकोपरच्या या ट्रस्टच्या इस्पितळात आला, तोवर काचबिंदूनं एक डोळा पुरता आणि दुसरा बराचसा खाल्ला होता. देऊळकरांनी ऑपरेशन केलं. त्यांचा हात चांगला होता. डोळ्यातलं प्रेशर उतरलं. पट्टी काढल्यावर धोंडूनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, दिसूक कधी लागतला?"

गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशन असतं ते उरलेली राखायला, हे त्याला आधी सांगायचं राहूनच गेलं होतं. बाहेर माणसं ताटकळत होती. मोतीबिंदूची ऑपरेशनं किती झाली हे ट्रस्टी दर बैठकीला विचारत. काचबिंदूचं कोणी विचारत नसे. नजरेचा घेर मोजायचं यंत्र एका बल्बवाचून कापडाखाली पडून होतं. ही सगळी कारणं खरी होती. पण "बघू, पुढच्या महिन्यात" हे शब्द देऊळकरांच्याच तोंडून निघाले होते. नंतर राहिलेली नजरही हळूहळू विझत गेली.

सगुणानं भावाला हाताला धरून आत आणलं. पेन्सिलच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी, चाळिशीची काटक बाई. धोंडूला स्टुलावर बसवताना तिचा गुडघा बाजूच्या टेबलावर आपटला आणि ट्रेमधली हत्यारं खणखणली.

"लागलं का?"

"नाय हो. मेला मधीच येता," ती ओशाळून म्हणाली.

देऊळकरांनी बॅटरी उचलली आणि परत खाली ठेवली.

"धोंडू, एक गोष्ट मी तुम्हाला पहिल्यांदाच सांगायला हवी होती. तुमची नजर आता परत येणार नाही."

"म्हायत आसा माका."

"कधीपासून?"

"तुमी चायक जावक लागलात तेवापासून," धोंडू म्हणाला. आवाजात राग नव्हता.

देऊळकरांचे कान तापले. त्यांनी विचारलं, "मग इतक्या लांब येता कशाला?"

"हिका बरा वाटता."

तोंडाला पदर लावून सगुणा बाहेर जायला वळली आणि अर्ध्या उघड्या दाराच्या कडेवर तिचा खांदा थडकला. दार चांगलं डोळ्यांसमोर होतं. थोडं बाजूला, एवढंच.

"सगुणाबाई, तुम्ही बसा इथे."

"मी? माका काय झाला? मी दादाक घेवन इलंय."

देऊळकरांनी तिला एक डोळा झाकायला लावला, "माझ्या नाकाकडे बघा," असं सांगितलं आणि कानाच्या बाजूनं बोट हळूहळू पुढे आणलं. "दिसलं की सांगा." बोट जवळजवळ तिच्या नाकासमोर आलं, तेव्हा ती म्हणाली, "दिसला." त्यांनी तिला आडवं निजवून प्रेशर मोजलं. मग वाकून डोळ्याच्या आत पाहिलं. भावाच्या डोळ्यात होती तशीच पोखरलेली नजरेची शीर.

हा रोग रक्ताच्या नात्यात उतरतो. ते स्वतः शिकाऊ पोरांना हेच शिकवत.

"हिचे डोळेय तसेच?" धोंडूनं विचारलं.

"हो. एक बराच गेलाय. दुसरा वाचवता येईल."

"मगे वरसभर ती हयच बसलेली मा? माझ्या बाजूक?"

"हो," देऊळकर म्हणाले.

"मी आंधळी झालंय तर दादाचा कोण बघतला?" सगुणानं विचारलं.

या वेळी त्यांनी सगळं सांगितलं. गेलंय ते गेलं; थेंब जन्मभर; बरं वाटलं तरी सोडायचे नाहीत, नाही वाटलं तरी सोडायचे नाहीत. कदाचित ऑपरेशन, आणि त्यानं काय होईल, काय होणार नाही. दोनदा सांगितलं. बाहेर रांग कुरकुरू लागली, कुणीतरी दार ठोठावलं. सगुणा मान डोलावत ऐकत राहिली. धोंडूनं चाचपत तिचा हात शोधला आणि मांडीवर घेऊन धरून ठेवला.

त्यांना पोचवायला देऊळकर व्हरांड्यापर्यंत आले. दोघं भिंतीच्या कडेनं, एकमेकांना धरून, सावकाश गेटाकडे गेली. डॉक्टर परत फिरले, तर बाकांवर माणसं दाटीनं बसलेली. कुणाच्या मांडीवर डबा, कुणाच्या हातात औषधाची बाटली. यातलं तपासायला आलेलं कोण आणि सोबतीला आलेलं कोण, हे त्यांना एकदम ठरवता येईना.

विमलाताईंनी पुढचं नाव पुकारलं. दोघं उठली.