वरच्या कप्प्यातली डबी

मी एक जुना फ्रिज आहे, आणि मित्रांनो, माझं पहिलं गाऱ्हाणं या घरच्या आत्याबाईंबद्दल आहे. पाहुण्या माणसानं आधी बसावं, पाणी मागावं. ही बाई चपला काढता काढता माझं दार उघडते. दूध किती, भाजी कधीची, कुठला डबा कोणाकडून आलाय, सगळी झडती घेते आणि दार तसंच सताड ठेवून मत देत उभी राहते. माझा सगळा गारवा बाहेर! या घरच्या आजी साऱ्या गल्लीला सुनावतील, पण या नणंदेपुढं त्यांची बोबडी वळते. चाळीस वर्षं मी बघतोय.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वाकवून, ठोकून मला उभं केलं, पोटात नळ्या घातल्या, नळ्यांत गॅस भरला. मी या घरी आलो तेव्हा आजी स्वतः नव्या सूनबाई होत्या. शेजारच्या बायका नुसता बर्फ बघायला यायच्या. "काय बाई गोठवतो!" म्हणायच्या, आणि मी आणखी जोरात घुरघुरायचो. ती स्तुती माझ्या डोक्यात गेली ती गेलीच. पुढं मूठ तुटली, दाराचं रबर सैल झालं, पायाशी गंज चढला. कौतुक संपलं, अधूनमधून लाथ तेवढी बसू लागली. पण वरचा बर्फाचा कप्पा? तो अजून दगड करतो दगड. मित्रांनो, याच फुशारकीची आज मला लाज वाटते.

यंदा एके दिवशी सुनेनं दवाखान्यातून एक डबी आणली. सून चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, एका लेकीची आई आहे. डबीत इंजेक्शनं होती.

"आई, मी माझी अंडी दान करणार आहे," ती म्हणाली.

"अंडी?" आजींनी माझ्या दारातल्या सहा अंड्यांकडं पाहिलं. "कोंबडी आहेस का तू?"

सून हसली. मग तिथंच ओट्याला टेकून तिनं समजावलं. बाईच्या पोटात दर महिन्याला बहुतेक एकच बीज पिकतं. रोज सुया घेतल्या की एका वेळी दहा-बारा पिकतात. मग भूल देऊन बारीक सुईनं ती काढून घेतात. जिची स्वतःची बीजं संपलीत, तिच्या नवऱ्याच्या बीजाशी ती काचेच्या बशीत जुळवतात आणि झालेला गर्भ तिच्या पोटात ठेवतात.

"ती कोण, ते मला कळणार नाही. मी कोण, ते तिला कळणार नाही."

"आणि तुझ्या जिवाला काही झालं म्हणजे?"

"पोट फुगेल, दुखेल. थोडा धोका असतो, तो डॉक्टरांनी नीट सांगितलाय. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, मगच हो म्हणाले."

"हे खूळ कुठून शिरलं तुझ्या डोक्यात?"

"आई, माझ्या ताईला पोर झालं ते असंच. कुठल्या बाईनं दिलं कोण जाणे. तिला शोधून पाया पडावं तर पत्ता नाही. म्हणून मी दुसऱ्या कोणाला देते."

आजी बराच वेळ हातातलं भांडं पुसत राहिल्या. कोरडं झालं तरी पुसत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "कर बाई. पण वन्संना कळता कामा नये. गावभर करतील."

सुनेनं माझ्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: 'डबी मधल्या फळीवरच. बर्फात ठेवायची नाही.' आजी शाळेत जेमतेम दोन वर्षं गेलेल्या. त्यांनी तो अक्षर अक्षर लावून वाचला आणि मान डोलावली. रोज ठरल्या वेळी सून पोटाला सुई टोचून घ्यायची. तिकडं ती अनोळखी बाई गर्भाशय तयार व्हावं म्हणून रोज गोळ्या घेत होती. दोघी एकाच घड्याळावर चालत होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या. एवढं मोलाचं काहीतरी मी आयुष्यात पहिल्यांदाच सांभाळत होतो.

शेवटची सुई उरली. ती संध्याकाळी बरोबर साडेसातला घ्यायची होती, कारण तिथून छत्तीस तासांनी बीजं काढायची होती. त्या दिवशी पाच वाजता दाराची बेल वाजली. आत्याबाई!

आजी धावत माझ्याकडं आल्या. कागद ओरबाडून काढला. मधल्या फळीवरची डबी उचलली आणि वरच्या कप्प्यात, बर्फाच्या ट्रेखाली कोंबली. आत्याबाईंची बोटं गारठतात, त्या तिथं कधी हात घालत नाहीत.

आणि मी काय केलं? मला जे येतं ते केलं. म्हातारपणी अंगात आल्यासारखा गोठवत सुटलो.

तासाभरानं आत्याबाई गॅलरीत फोनवर बोलायला गेल्या. आजींनी डबी काढली. आतलं औषध पांढरं, टणक झालेलं. त्यांनी ती पुसून मधल्या फळीवर ठेवली. थोड्या वेळानं बघतात तर ते पुन्हा पाण्यासारखं नितळ. "हं, वितळलं की," असं पुटपुटून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

पावणेसातला सून आली. बाहेर पाहुणी, म्हणून स्वयंपाकघरातच हळू आवाजात बोलणं झालं.

"समजा, हे गोठलं असतं तर?" आजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तर फेकून द्यायचं. गोठलेल्या औषधाचा काय भरवसा? वरून तसंच दिसतं. तेच टोचलं तर परवा माझ्या पोटात सुई घालून हाती काही लागायचं नाही. आणि त्या बाईनं इतके दिवस खाल्लेल्या गोळ्या वाया."

आजींचा हात माझ्या दारावर होता. त्या गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळलं असतं? औषध नितळ होतं. साक्षीदार एक मी, आणि मी मुका. त्यांनी बाहेरच्या खोलीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, सुनेकडं काही बघवेना.

"ते टोचू नकोस," त्या म्हणाल्या. "मी बर्फात ठेवलं होतं. वन्सं बघतील म्हणून. तुझा कागदही मीच फाडला. वाचता येत होतं मला."

सून रागावली नाही. त्याचंच जास्त लागलं, त्यांना आणि मलाही. तिनं लगेच दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाली, "आहात तशा निघा, इथलं देते." सून चपला हातात घेऊनच जिना उतरली.

पुढचं आधीच सांगून टाकतो. सुई वेळेवर पडली. बीजं अकरा मिळाली. कोणाला गेली, मूल झालं की नाही, हे आम्हाला कधीच कळणार नाही. मित्रांनो, एवढीच विनंती आहे: कोणी विश्वासानं काही ठेवायला दिलं तर लोकांच्या भीतीनं त्याची जागा बदलू नका. आणि चुकलात तर उशीर व्हायच्या आत बोला. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

त्या संध्याकाळी सून गेली आणि आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"अगं, आपल्या घरचं बी कुठल्या कोणाच्या घरी? चार लोकांत तोंड दाखवायला लाज वाटेल मला!"

"लाज मला वाटतेय, वन्सं," आजी म्हणाल्या. "पण सुनेची नाही. तुमच्या धाकानं मी एका बाईची ओटी भरता भरता रिकामी करणार होते. चाळीस वर्षं तुम्हाला भ्यायले. आज नीट बघितलं तर तुमच्यात भिण्यासारखं काहीच नाही."