गोवराच्या दाखल्यावरचं नाव

गावाने गेल्या महिन्यात पेलेनातोला मानकरी केलं आणि 'लेमुसू' हे मानकऱ्याचं नाव दिलं. ते त्याने मोठ्या तोऱ्यात पासपोर्टवरही चढवलं. गोवराच्या लशीचा दाखला मात्र जुन्याच नावाचा राहिला.

आपियाच्या विमानतळावर काउंटरमागे त्याची सख्खी भाचीच बसली होती, सिनालेई.

"मामा, हा दाखला दुसऱ्याच कुणाचा आहे. असा दाखला घेऊन पागोपागोच्या विमानात बसता येत नाही."

"माझ्या सोहळ्यात डुकराची अख्खी मांडी हाणलीस, आणि आता मी कोण ते तुला ठाऊक नाही?"

"मला आहे, कॉम्प्युटरला नाही. नुसतं नाव बदलून देत नाहीत, पुन्हा टोचून घ्या. विमान सुटायला दोन तास आहेत."

पेलेनातो चरफडत दवाखान्यात गेला. म्हातारी नर्स मोएलागी त्याला लहानपणापासून टोचत आली होती, त्यामुळे नाव विचारायची तिला गरजच वाटली नाही. तिने सुई खुपसली, दाखला लिहून पाकिटात घातला आणि त्याच्या हातात कोंबला.

दंड चोळत, धापा टाकत तो काउंटरवर परतला. सिनालेईने पाकीट उघडून दाखला वाचला, आणि मग पुन्हा वाचला.

"पेलेनातो," ती म्हणाली. "मामा, अजून एक दंड शिल्लक आहे."