बुटांना राळ नव्हती

माझी थोरली लेक ऑलिंपिकला हँडबॉल खेळून आली. हे मी सांगत नाही, लोक सांगतात. मी फक्त त्यांना विसरू देत नाही. आता ती शाळेत पीटीची बाई आणि संध्याकाळी पोरींची कोच. घरात तिला डावरी म्हणतात. चेंडू डाव्या हातानं फेकते आणि भांडणही डावीकडूनच सुरू करते.

हँडबॉलवाल्यांच्या बोटांना राळ असते. चेंडू निसटू नये म्हणून लावतात. इतकी वर्षं माझ्या घरात दिव्याची बटणं, नळ, कंगवा, सगळं चिकट. मी तेलाचा बोळा घेऊन तिच्यामागं फिरत आले. आणि एक दिवस ध्यानात आलं, तीन आठवडे झाले, बोळ्याला कामच नाही.

सून म्हणाली, "बरं झालं ना आई, घर स्वच्छ राहिलं."

"तुला स्वच्छता दिसते. मला भानगड दिसते."

डावरी रोज ठरल्या वेळी जायची, ठरल्या वेळी यायची. मग जात होती कुठं? शाळेत नवे मुख्याध्यापक आलेत, जुनी कागदपत्रं मागतात, एवढं माझ्या कानावर होतं. आमच्या पोरीनं शाळेची शेवटची परीक्षा दिलेलीच नाही. नोकरी मिळाली ती ऑलिंपिकच्या नावावर. ती नोकरी गेली आणि ही मला सांगायला घाबरून रस्त्यावर वेळ काढते, असं माझ्या मनानं घेतलं.

जेवताना मी विचारलं, "काय गं, बिनराळेचा चेंडू निघालाय का?"

तिचा घास हातातच राहिला. "नाही. का?"

"सहज."

सहज मी काही विचारत नाही, हे तिला कळतं तेव्हापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दाराची कडी चिकट. नळ चिकट. पाण्याचा पेला तर तिनं माझ्या डोळ्यांदेखत दोनदा उचलून ठेवला. सुनेनं कपाळाला हात लावला. मी उठून बुटांकडे गेले. खेळता खेळता डबी कोण शोधणार? म्हणून ही मंडळी राळेचा गोळा बुटाच्या टाचेवरच थापून ठेवतात आणि पळता पळता त्यावर बोट फिरवतात. कोच झाली तरी डावरीची ती खोड गेली नव्हती. बूट उलटेपालटे करून पाहिले. टाचा लख्ख.

लबाडी! आणि तीही माझ्याशी!

तिसऱ्या दिवशी शाळा गाठली. फाटकावर शिपाई म्हणाला, "कोण पाहिजे, आजी?"

"आजी तुझ्या घरी. मी ऑलिंपिकवाल्या बाईंची आई."

तो ताडकन उठला. "बाई वरच्या मजल्यावर आहेत, शेवटच्या वर्गात."

"मैदानावर का नाहीत?"

"सध्या मोठ्या पोरीच धाकट्यांना खेळवतात."

जिना चढताना गुडघे बोंबलत होते. वर्गाचं दार अर्धवट उघडं. आत पोरांच्या बाकावर माझी उंचनिंच लेक, पाय मावत नाहीत म्हणून आडवे बाहेर काढलेले. फळ्यापाशी गणिताची बाई, हिच्याहून दहा वर्षांनी तरी लहान.

"परीक्षा बारा दिवसांवर आलीये, ताई. नापास झालात तर मुख्याध्यापक ठेवणार नाहीत. शिकवणंही गेलं आणि टीमही गेली."

"कळलं. पुन्हा सांगा."

"घरी वाचता ना?"

"घरी पुस्तक काढत नाही."

"का?"

"आई आहे."

गणिताची बाई हसली. मला हसू आलं नाही.

डावरी पंधराची होती, तेव्हा परीक्षा आणि हँडबॉलचं शिबिर एकाच आठवड्यात आलं. मास्तर घरी समजवायला आले होते. "परीक्षा काय, कधीही देता येते," असं सांगून मी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. त्यावर पोरगी तेव्हाही काही बोलली नाही, नंतरही नाही. एवढं गप्प कुणी उगीच राहत नाही. हा संशय मला पंचवीस वर्षं आधी यायला हवा होता.

आत शिरून त्या बाईला दोन शब्द सुनवावेत, असं फार वाटलं. तशीच खाली उतरले.

संध्याकाळी डावरी आली, हात बरबटलेले. "आज पोरींना फार पळवलं."

"बुटांना लावायची राहिली," मी म्हटलं.

ती आपल्याच पायांकडे बघत उभी राहिली.

"परीक्षा बारा दिवसांवर आहे. पुस्तक काढ."

"तुला कुणी सांगितलं?"

"बुटांनी."

"रागावलीस?"

"रागवायला तू हवं होतंस, पंधराव्या वर्षी. पुस्तक काढ म्हणते ना!"

पुस्तक पिशवीतच होतं, राळेच्या डबीला टेकलेलं. मला अक्षर लावून लावून वाचता येतं. तेवढं प्रश्न विचारायला पुरे. मी चष्मा चढवला.

"त्रिकोणाचा धडा झाला?"

"झाला. दोनदा वाचला."

मी पान उलटायला गेले. उलटेना. डबीतून पाझरलेली राळ कडेला वाळून त्रिकोणाची सगळी पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. उघडल्याची खूणही नव्हती.

"दोनदा?"

डावरीनं छताकडे पाहिलं. आत सूनबाई खुदकन हसली.

कागदाला तेलाचा बोळा चालत नाही. म्हणून मी नखानं कड सोडवायला बसले, एकेक पान.

"बस इथं समोर," मी म्हटलं. "आणि आधी हात धुऊन ये."